आरतीचा पेनड्राइव्ह

पहिल्याच दिवशी बेबीनंदानं माझ्या कॉम्प्युटरचं झाकण उघडलं, आतून मूठभर कापूस काढला आणि टेबलावर ठेवला. मग अजून एक मूठ. मग अजून.

"मामा," ती म्हणाली, "हा कॉम्प्युटर हाय का उशी?"

मी रामकिसन. जाफराबादला कचरूलाल शेटजींच्या जिनिंगवर मी काटा सांभाळतो. कापसाची गाडी लोखंडी फळीवर चढते, वजन माझ्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर उमटतं, मी पावती काढून देतो आणि वर गाडीवाल्याची कुरकुर ऐकून घेतो, कारण त्याला वजन नेहमी कमीच वाटतं. एवढी वर्षं काट्यावर काढल्यावर माणसाचा स्वभाव गोड राहत नाही. माझाही राहिलेला नाही. त्यामुळे ते उशीचं बोलणं मला झोंबलं. मी म्हणालो, "बाई, कापसाच्या कारखान्यात कापूस न्हाई तर काय साबुदाणा निघंल?" ती हसली आणि मशीन पुसत राहिली. माझ्या तिरकस बोलण्याला हसणारं जिनिंगवर तोवर कोणी भेटलं नव्हतं.

बेबीनंदाचं माहेर कुंभार पिंपळगावचं. तिथल्या बाजारात तिच्या वडिलांचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. पोर शाळेतून आली की दप्तर टाकून वडिलांच्या शेजारी तारा जोडत बसायची. पुढं तिनं जालन्याला कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि लग्न होऊन इकडं आली. नवरा अंगद भोकरदनच्या रस्त्यावर काळी-पिवळी जीप चालवतो. सासू द्वारकाबाईंना लकवा मारला, तेव्हापासून त्या खाटेवर आहेत. उजवं अंग गेलं, तोंड अर्धं वाकडं झालं, बोलणं बंद झालं. बेबीनंदाला जालन्यात एका बियाण्याच्या कंपनीत काम मिळत होतं, पण मग दुपारी सासूला भरवणार कोण? आमची जिनिंग तिच्या घराला पाठ लावून आहे. जेवणाचा भोंगा झाला की ती मागच्या फाटकानं घरी जायची, सासूला घास भरवून, कूस बदलून परत कामाला लागायची. तिला जिनिंगचे कॉम्प्युटर सांभाळायची ही नोकरी पाहिजे होती ती ह्यासाठीच, आणि हे तिनं शेटजींना पहिल्या भेटीतच सांगून टाकलं होतं. शेटजींना स्पष्ट बोलणारी माणसं आवडतात, फक्त ती घरातली नसावीत.

ती येण्याआधी आमचा कारभार रामभरोसे होता. सगळ्या कॉम्प्युटरला मिळून एक पासवर्ड, तो म्हणजे शेटजींच्या कुलदेवीचं नाव. कोणी विसरू नये म्हणून तो पडद्याच्या कोपऱ्यात चिकटवलेला असायचा आणि शेजारी दसऱ्याच्या पूजेचा टिळा. गाडीवाल्यांनासुद्धा तो पाठ होता. बेबीनंदानं सगळ्या चिठ्ठ्या खरडून काढल्या. मी म्हणालो, देवीचं नाव कामून काढलं? तर म्हणाली, "देवीचं नाव घ्या की मामा, दिवसभर घ्या. पण घराची किल्ली कोणी देवळाच्या दारात टांगून ठेवतं का?" मला वेगळा पासवर्ड घ्यावा लागला. तो मी बायकोलाही सांगितलेला नाही, आणि त्यावरून घरात एकदा अबोला झालेला आहे.

दुसरा तिचा ध्यास म्हणजे ठिगळं. कॉम्प्युटरच्या अपडेटला ती ठिगळ म्हणायची. "रोज कुठंतरी नवं भोक सापडतं आणि चोर त्यातून घुसतो. कंपनी फुकट ठिगळ पाठवून राह्यली, अन् तुमी नुसतं ‘नंतर, नंतर’ दाबून राह्यले," असं ती म्हणायची. बरोबरच होतं. मी वर्षानुवर्षं ‘नंतर’ दाबत आलो होतो. माझं बोट आपोआप तिकडं जायचं. गाडी फळीवर उभी असताना मशीन बंद करून चालू करायला वेळ कोणाला आहे?

तिच्या घरी एक जुना लॅपटॉप होता. त्याला इंटरनेटची तार ती कधी लागू द्यायची नाही. बाहेरून कुठलाही पेनड्राइव्ह आला की तो आधी त्या लॅपटॉपमध्ये लावून तपासायचा, मगच आमच्या मशीनला. "पावण्याला आधी ओसरीवर बसवायचं," ती म्हणायची, "पाय धुऊ द्यायचे. एकदम देवघरात न्यायचं न्हाई." आणि काट्याच्या कॉम्प्युटरला पेनड्राइव्ह लावायची जी मोकळी भोकं होती, ती तिनं पाण्याची टाकी गळल्यावर लावतात त्या पुट्टीनं बुजवून टाकली. दर शनिवारी ती काट्याच्या आणि ऑफिसच्या हिशोबाची नक्कल हार्ड डिस्कच्या एका डबीत घ्यायची आणि डबी तार काढून लोखंडी कपाटात ठेवायची.

एवढं सगळं नीट चाललेलं असताना पहिल्याच हंगामात तिचं चुकलं. ठिगळं लावायची वेळ ठेवताना तिनं रात्रीच्या जागी दुपारची ठेवली. भर हंगामात, फळीवर गाडी चढलेली असताना, माझा पडदा निळा झाला आणि म्हणाला, थांबा. गाड्यांची रांग फाटकाबाहेर गेली, तिथून वळणापर्यंत गेली. लोक काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. अर्पितभैया, म्हणजे शेटजींचा पुण्याला शिकून आलेला नातू, पळत आला आणि त्यानं सरळ भिंतीतलं बटण बंद केलं. ठिगळ अर्धवट असताना वीज गेली, आणि मशीन जे झोपलं ते संध्याकाळपर्यंत उठलं नाही. बेबीनंदानं वेळेची चूक सगळ्यांदेखत कबूल केली. बटणाची चूक कोणाची, ते ती बोलली नाही. अर्पितभैयाही बोलला नाही.

त्यानं फक्त फर्मान काढलं. काटा आणि ऑफिस तुम्ही बघा, पण आजोबांच्या केबिनमधल्या कॉम्प्युटरला हात लावायचा नाही, तिथं एकही अपडेट नको. बेबीनंदा बरंच भांडली. शेवटी म्हणाली, "बरं. मंग त्याची तार काढते. त्याला आमच्या मशीनसंगं ठेवणार न्हाई." आणि केबिनचा कॉम्प्युटर तिनं बाकीच्यांपासून तोडून वेगळा केला. त्यावर शेटजींचा कसलाही हिशोब नव्हता. त्यावर काय होतं ते आता सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरून झालं.

शेटजींच्या पत्नी धापूबाई. अख्खा बाजार त्यांना काकीजी म्हणतो. त्या आणि त्यांची जेठाणी, म्हणजे थोरली जाऊ, भंवरीबाई, दोघींचं भजनी मंडळ. चाळीसेक वर्षं दोघींनी एका चुलीवर स्वयंपाक केला आणि एका सुरात गायलं. भंवरीबाईंचा आवाज वरचा, काकीजींचा खालचा. अर्पितभैयानं कधीतरी हौसेनं ही भजनं आणि आरत्या मोबाइलवर घेतल्या, केबिनच्या कॉम्प्युटरमध्ये टाकल्या आणि एका पेनड्राइव्हमध्ये भरून दिल्या. काकीजींनी त्या पेनड्राइव्हला लाल नाडा बांधला. दर शनिवारी सकाळी तो केबिनमध्ये लागायचा आणि भोंग्यावरून आरती साऱ्या आवारात वाजायची. मग आठवडाभर तो पेनड्राइव्ह बाजारात फिरायचा. आज ह्या पेढीवर, उद्या त्या. काकीजींचा प्रसादच तो, नाही कोण म्हणणार? आणि गाणी कोणी आपल्या मशीनमध्ये उतरवून ठेवायचं नाही, कारण प्रसाद साठवायचा नसतो. ऐकायचा आणि पुढं द्यायचा.

भंवरीबाई मागच्या उन्हाळ्यात वारल्या. त्यानंतर काकीजी शनिवारची आरती डोळे मिटून ऐकायला लागल्या.

श्रावणात काकीजी स्वतः काट्यावर आल्या. म्हणाल्या, यंदा आरती काट्याच्या मशीनवरूनही वाजू दे. बेबीनंदानं पेनड्राइव्ह दोन्ही हातांत घेतला, कपाळाला लावला आणि म्हणाली, "उद्या बघते काकीजी." दुसऱ्या दिवशी ती पेनड्राइव्ह घेऊन केबिनमध्ये गेली. काकीजी शेटजींपाशी बसल्या होत्या आणि मी पावत्या द्यायला तिथंच होतो. तिनं तो काकीजींच्या हातात ठेवला आणि म्हणाली, "काकीजी, तुमच्या आरतीत किडे हायत."



"मी धुऊन आणलंय," बेबीनंदा पुढं बोलतच राहिली, "पण हे बाजारात असं मशीन-मशीनला लागून राह्यलं तर परत किडे येतील. काट्याला मी लावणार न्हाई. तुमी पण लावू नका."

"माझ्या आरतीत किडे?" काकीजी म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली. "माझ्या भंवरीच्या आवाजात किडे? तुला प्रसाद दिला, अन् तू न खाताच माघारी आणून दिला. वरून खोट काढली."

"काकीजी, तसं न्हाई, मी घरी..."

"बस." त्या शेटजींकडं वळल्या. "दसऱ्याला काट्याचा मुहूर्त हाय. त्या दिवशी काट्यावर माझी आरती वाजली पाहिजे. न्हाई वाजली तर दुसऱ्या दिवसापासून ही बाई येणार न्हाई. दुसरी बघा."

शेटजी जिनिंगचे मालक आहेत, पण शेटजींचे मालक कोण हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत राहिले.

बेबीनंदा काट्यावर येऊन बसली. मग म्हणाली, "मामा, किडे म्हणायला नको होतं."

"मंग काय म्हणायचं होतं?"

"सुचलं न्हाई. किडेच हायत." तिनं पदरानं डोळे पुसले. "दसऱ्याला माझं काम गेलं तर जालन्याला जावं लागंल. म्हातारीला कोणाच्या भरवशावर ठेवू? शेजारीण पाणी पाजंल, पण घास चावून झाला का न्हाई ते कोण बघंल?"

मी काय सांगणार? मी म्हणालो, लाव की एकदा पेनड्राइव्ह, काय बिघडतं. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी पावतीबुक उघडून बसलो. नोकरी जात असतानाही ती पुट्टी काढायला तयार नव्हती. अशा माणसाचा राग येतो, आणि त्याच्याशिवाय करमतही नाही.

गणपतीत काकीजींनी पहिल्यांदा एकटीनं एक भजन गायलं, जेठाणीच्या आठवणीत. अर्पितभैयानं ते थेट केबिनच्या कॉम्प्युटरवरच भरून घेतलं आणि पेनड्राइव्हमध्ये टाकलं. पेनड्राइव्ह पूर्वीसारखाच बाजारात फिरत राहिला.

नवरात्राच्या आधीचा शनिवार. बाजारातून पेनड्राइव्ह परत आला, अर्पितभैयानं तो केबिनमध्ये लावला, आरती सुरू झाली आणि अर्ध्या कडव्यात थांबली. भोंगा नुसता खरखरत राहिला. आम्ही केबिनमध्ये गेलो तेव्हा पडद्यावर लाल अक्षरं होती. अर्पितभैयानं वाचून सांगितलं की तुमच्या सगळ्या फायलींना कुलूप लावलंय, पैसे पाठवा, मग किल्ली देऊ. गाण्यांची नावं जाऊन तिथं वेडीवाकडी अक्षरं आली होती. पेनड्राइव्ह लावलेलाच होता, त्याचंही तेच. दुपारपर्यंत बाजारातून निरोप आले, अजून काही पेढ्यांवर असंच झालं म्हणून.

बेबीनंदा आधी काट्यावर पळाली, मग ऑफिसात. दोन्ही मशीन धडधाकट. केबिनची तार तोडलेली, त्यामुळे रोग तिथल्या तिथं राहिला होता.

"पैसे भरून टाकू," अर्पितभैया म्हणाला. तो घामाघूम झाला होता.

"भैया, चोर किल्ली देईलच असं कोणी सांगितलं?" बेबीनंदा म्हणाली. "पैसे जातील अन् फायली बी जातील. पोलिसांत कळवा. मशीन मी पुसून नवं करून देते."

शेटजींनी मान हलवली. व्यापारी माणूस, त्यांना हा हिशोब लगेच कळला. "हिशोब तर सगळा ऑफिसच्या मशीनवर हाय," ते म्हणाले. "मंग आपलं गेलं काय?"

अर्पितभैया खाली बघत म्हणाला, "दादीची गाणी."

ज्या मोबाइलवर ती घेतली होती तो कधीच बदलून टाकलेला. बाजारात फोन लावले. कोणाकडंच काही नव्हतं, प्रसाद कोण साठवतो? काकीजी खुर्चीवर बसल्या. हातात तो लाल नाडा होता, त्याची गाठ त्या सोडत होत्या आणि परत बांधत होत्या. "तेरवी झाली तेव्हा वाटलं न्हाई," त्या म्हणाल्या. "भंवरी आज गेली."

मला राहवेना. मी बाहेर येऊन उभा राहिलो. लोक मला खडूस म्हणतात, म्हणोत. पण त्या भोंग्यावरच्या आवाजाबरोबर मीही इतके शनिवार काट्यावर हात जोडले होते.

तेवढ्यात आतून बेबीनंदाचा आवाज आला. "काकीजी, माझ्या घरी चला."

"कशाला?"

"चला तर खरं."

काकीजींचे गुडघे दुखतात, म्हणून शेटजींनी मला बरोबर पाठवलं. मागच्या फाटकातून आम्ही तिच्या घरी गेलो. एकच खोली, पुढं पडवी. द्वारकाबाई खाटेवर भिंतीला टेकवून बसवलेल्या. खाटेशेजारी स्टुलावर तो जुना लॅपटॉप. बेबीनंदानं एक बटण दाबलं.

भंवरीबाई गायला लागल्या.

काकीजींनी भिंतीचा आधार घेतला. वरचा आवाज भंवरीबाईंचा, खालचा त्यांचा स्वतःचा. आणि खाटेवर द्वारकाबाईंचे ओठ हलत होते. अर्धंच तोंड, पण ते आरतीबरोबर हलत होतं.

"रोज सकाळी ऐकतात," बेबीनंदा म्हणाली. "श्रावणात तुमी दिला ना, तवा ह्याच्यावर धुतला आणि पयल्यांदा सासूबाईंनाच ऐकवला. ह्यांनी मान डोलवली. लकवा झाल्यापासून पयल्यांदा. मंग मी ठेवूनच घेतली गाणी. प्रसाद आमी खाल्ला, काकीजी. फक्त कारखान्यात न्हाई खाल्ला."

"मंग तवा सांगितलं कामून न्हाई?"

"तुमी बोलू कुठं दिलं?"

काकीजी आपला तोरा पुरता न सोडता म्हणाल्या, "प्रसाद साठवायचा नसतो."

"नसतोच. पण आजारी माणसासाठी झाकून ठेवतात की."

काकीजी खाटेच्या कडेला बसल्या आणि त्यांनी द्वारकाबाईंचा हात हातात घेतला. थोड्या वेळानं विचारलं, "माझं एकटीचं भजन हाय का ह्याच्यात?"

"ते न्हाई काकीजी. ते नंतर भरलं तुमी."

"जाऊ दे. ते माझंच होतं. भंवरीचं हाय ना, बस झालं."

मला वाटलं, झालं, मिटलं. पण काकीजी शब्द मागं घेणाऱ्यांतल्या नाहीत. परत येताना त्या म्हणाल्या, "दसऱ्याला आरती वाजली पाहिजे, हे मी बोललेय ते बोललेय." बेबीनंदा म्हणाली, वाजेल, पण कॉम्प्युटरवरून नाही. भोंग्यालाच एक छोटं वाजवायचं यंत्र जोडते, त्यात फक्त धुतलेली गाणी. काकीजींनी मान हलवली आणि विचारलं, "हे मशीन आजारी कामून पडतं?" बेबीनंदानं ठिगळांचं सगळं सांगितलं. सांगताना माझ्याकडं बोट केलं, हे मामा रोज ‘नंतर’ दाबतात म्हणून.

"कामाच्या टायमाला कोण मशीन थांबवंल, काकीजी?" मी माझी बाजू मांडली.

"किती वेळ लागतो ठिगळाला?"

"कमी-जास्त होतं. एका आरतीएवढा धरा," बेबीनंदा म्हणाली.

काकीजी चालता चालता थांबल्या. "मंग आरतीच्या टायमालाच लाव की. तवा कोण हात लावतंय मशीनला?"

बेबीनंदाचं तोंड उघडं राहिलं. एवढी पुस्तकं वाचलेली बाई, तिला हे सुचलं नव्हतं. मलाही नव्हतं, पण मला सुचेल अशी कोणाची अपेक्षाही नसते.

"दसऱ्यालाच कर," काकीजी म्हणाल्या. "सगळ्यांसमोर."

"मुहूर्ताला नको काकीजी. अडकलं तर?"

"मुहूर्ताला जे होतं तेच वरीसभर होतं. त्या दिवशी झालं तर सारा बाजार करंल. न्हाई झालं तर..." त्यांनी पुढचं सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

दसऱ्याला आवार सारवून रांगोळी काढली होती. बाजारातले पेढीवाले आले होते. मुहूर्ताची पहिली गाडी केदारखेड्याच्या वसंताची, शिंगांना झेंडूच्या माळा घातलेली बैलगाडी, वर पांढराशुभ्र कापूस. गाडी फळीवर उभी राहिली. काट्याच्या पडद्याखाली नारळ फुटला, भोंग्यावर आरती सुरू झाली आणि बेबीनंदानं बटण दाबलं. पडदा निळा झाला. सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले, पण डोळे मिटले नाहीत. पडद्यावर ठिपक्यांचं चाक फिरत होतं.

आरती संपली. चाक फिरतच होतं.

लोकांनी हात सोडले. वसंता म्हणाला, "करा की जल्दी, बैलं उभी हायत." शेटजींनी घड्याळ बघितलं, मुहूर्ताची वेळ सरत आली होती. अर्पितभैया दोन पावलं पुढं आला आणि त्याचा हात भिंतीतल्या बटणाकडं गेला. मागच्या हंगामातली ती दुपार मला आठवली. आता वीज गेली असती तर मशीन संध्याकाळपर्यंत उठलं नसतं आणि बेबीनंदा उद्यापासून आली नसती.

"भैया, नको," ती म्हणाली. इतक्या हळू, की ते मलाच ऐकू आलं असेल.

आणि काकीजी गायला लागल्या.

ते त्यांचं एकटीचं भजन होतं, हरवलेलं. शब्द मारवाडी, मला निम्मे कळतात. माघारी राहिलेली बाई पुढं गेलेल्या सखीला विचारते की वाटेत सावली आहे का, एवढं कळलं. अर्पितभैयाचा हात हवेतच थांबला. मग त्यानं तो खाली आणला आणि दुसऱ्या हाताला जोडला. आजी गात असताना कोण हलणार? पेढीवाले थांबले, शेटजी थांबले, वसंतानं बैलांच्या कासऱ्यावर हात ठेवला. वरच्या सुराला काकीजींचा आवाज फाटला, तरी त्या थांबल्या नाहीत. आणि मी डोळे उघडे ठेवून हात जोडून मनात म्हणत होतो, उठ बाबा, उठ.

चाक थांबलं. पडदा उजळला. मी पासवर्ड घातला, आणि वसंताच्या गाडीचं वजन उमटलं.

बेबीनंदा कापसाच्या थप्पीला टेकून खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडली. काकीजी मात्र भजन पुरं होईपर्यंत गात राहिल्या. मशीन चालू झालं, हे त्यांना कोणी सांगितलं नाही. नंतर मी विचारलं, काकीजी, भैयाचा हात बघून गायला लागल्या ना? तर म्हणाल्या, "मला काय कळतं मशीनचं? गावंसं वाटलं, गायले." खरं काय ते त्यांनाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी बेबीनंदा वेळेवर आली. कोणी काही बोललं नाही, तिनंही विचारलं नाही. जेवणाचा भोंगा झाला आणि ती मागच्या फाटकानं घरी गेली.

आता जाफराबादच्या बाजारात बहुतेक पेढ्यांवर शनिवारची आरती सुरू झाली की मशीनला ठिगळ लागतं. जो पेढीवाला टाळतो त्याला काकीजी रस्त्यात गाठून विचारतात, आरती झाली का? तो समजतो. बेबीनंदाला आता पेढ्यांवरूनही बोलावणं येतं. आणि नवा पेनड्राइव्ह, त्याच लाल नाड्याचा, काकीजी सगळ्यांत आधी तिच्या हातात देतात. "आधी द्वारकाबाईला ऐकव. मंग बाजारात दे," म्हणतात. पेढ्यांवर तो आता आरतीच्या छोट्या यंत्रालाच लागतो. परत आला की पुन्हा आधी त्या खाटेजवळच्या लॅपटॉपवर जातो.

हरवलेलं भजन दिवाळीत पुन्हा भरलं. काकीजींनी ते मुद्दाम बेबीनंदाच्या घरी, द्वारकाबाईंच्या खाटेशेजारी बसून गायलं. अर्पितभैयानं ते ऐकून बघितलं तर मागं अजून एक आवाज आला होता, जड, अडखळणारा, शब्द नसलेला. द्वारकाबाई बरोबर गात होत्या.

"दादी, मागं आवाज आलाय," अर्पितभैया म्हणाला. "तो मी काढून टाकतो, साफ करतो."

काकीजी म्हणाल्या, "त्याला हात लावायचा न्हाई."